खिशांतला चाकू आणि खारा वारा

मालवण किनाऱ्यावरील एखाद्या जुन्या घरांत गेलें, तर तेथें कापण्याचीं साधनें थोडीं आहेत असें कोणालाही म्हणतां येणार नाहीं. स्वयंपाकघरांत विळी असते व तिच्या टोकाला खवणीचें दातेरी फूल असतें. पानाच्या तबकांत अडकित्ता असतो. पडवींतल्या खुंटीवर कोयता टांगलेला असतो, आणि बागेंत निघालेल्या माणसाच्या कमरेला आकडी असून तींत दुसरा कोयता अडकविलेला असतो. शहाळें सोलावयाचें तें कोयत्यानें, मासळी कापावयाची ती विळीवर, सुपारी कातरावयाची ती अडकित्त्यानें, अशी कामांची वांटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेली आहे. मात्र या सर्व हत्यारांत एकही असें नाहीं कीं जें खिशांत घालून पुळणीवर किंवा होडींत नेतां येईल. तें काम चाकूचें.

मराठींत सुरी आणि चाकू हे शब्द आज पुष्कळदां एकाच अर्थानें वापरले जातात. परंतु त्यांतील भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे. सुरीचें पातें मुठींत कायमचें रोवलेलें असतें. खरा चाकू मिटतो. हा शब्द फारसींतून मराठींत आला, आणि तुर्की भाषेंत त्याचा जो भाऊबंद आहे त्याचा अर्थ आजही खिशांतला मिटता चाकू असाच आहे. एके काळीं कारकुनाच्या कलमदानाशेजारीं तो असावयाचाच, कारण बोरूला टोंक काढावें लागे. फारसी जाणणारे त्याला कलमतराश म्हणत. बोरू गेला आणि टाक आला, टाक गेला आणि फाउंटनपेन आलें, तेव्हां चाकू पेन्सिलीपुरता उरला. पुढें पेन्सिलीलाही निराळें यंत्र मिळालें, आणि सुशिक्षित माणसाच्या खिशांतून चाकू जवळजवळ नाहींसा झाला.

त्याची गरज मात्र नाहींशी झालेली नाहीं. मे महिन्यांत मुंबई-पुण्याहून गांवीं आलेल्या कुटुंबाला ती पहिल्याच दिवशीं भासते. आंब्याच्या पेटीची दोरी तोडावयाची असते, झाडाखालीं पडलेली कैरी मीठ-तिखटाबरोबर चिरावयाची असते, होडीच्या दोराची भिजून आवळलेली गांठ सोडवावयाची असते, मुलाच्या पायांत रुतलेला कांटा काढावयाचा असतो. प्रत्येक वेळीं स्वयंपाकघराकडे धांवणें शक्य नसतें. मग शहरांतून एक चाकू विकत आणला जातो, तो मोठ्या हौसेनें वापरला जातो, आणि पुष्कळदां पुढच्या वर्षीं कपाटांतून काढून पाहावें तों पात्यावर तांबूस ठिपके उमटलेले व मूठ जाम झालेली. दोष चाकूचा कीं मालकाचा? याचें उत्तर देण्यासाठीं दोन चाकू शेजारीं-शेजारीं ठेवून पाहिले पाहिजेत. दोन्ही परदेशी असले तरी भारतांत विकत मिळतात, दोहोंची घडण शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि दोहोंच्या मागें असलेली विचारसरणी अगदीं भिन्न आहे.

पहिला चाकू फ्रान्सच्या सावोय या डोंगराळ प्रांतांतला. हत्यारें घडविणाऱ्या घराण्यांतील जोसेफ ओपिनेल या तरुणानें १८९० मध्यें तो तयार केला. त्याचें गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे शेतकरी व गुराखी. भाकरी कापावी, फांदी तासावी, दोर तोडावा, एवढीच त्यांची अपेक्षा. १८९७ मध्यें एक ते बारा अशा क्रमांकांचीं मापें ठरलीं, आणि १९०९ मध्यें मुकुट व हात ही खूण पात्यावर आली. क्रमांक आठचा चाकू आज सर्वांत अधिक खपतो. त्याचें पातें साडेआठ सेंटिमीटर लांब असतें आणि सबंध चाकूचें वजन पन्नास ग्रॅमच्या आंत राहतें.

त्याची रचना इतकी साधी आहे कीं ती एका वाक्यांत सांगतां येईल: बीच झाडाच्या लांकडाची एक गोल मूठ, तिला एका बाजूनें पाडलेली चीर, चिरेंत बसणारें एक पातें, आरपार ठोकलेला एक खिळा आणि गळ्याशीं पोलादी कडें. यांत स्प्रिंग कोठेंही नाहीं. पातें उघडें राहतें किंवा मिटलेलें राहतें तें केवळ घर्षणामुळें. १९५५ मध्यें मार्सेल ओपिनेल यानें त्या कड्यावर आणखी एक फिरतें कडें बसविलें. पातें उघडून हें कडें अंगठ्यानें जरा फिरविलें, कीं चिरेचें तोंड बंद होतें आणि पातें बोटांवर मिटूं शकत नाहीं. एवढी एक भर सोडली तर हा चाकू खेड्यांतील लोहाराच्या कल्पनेबाहेरचा नाहीं, आणि त्यांतच त्याचें सामर्थ्य आहे.

दुसरा चाकू स्वित्झर्लंडचा. लाल मुठीचा व तीवर पांढरा क्रूस असलेला. कार्ल एल्सेनर यानें १८८४ मध्यें श्वित्स प्रांतांतील इबाख येथें आपला कारखाना काढला. त्या सुमारास स्विस सैन्याला नवी बंदूक मिळाली होती. ती खोलण्यासाठीं पेंचकस लागे, शिधा डब्यांतून येई म्हणून डबे फोडण्याचें पातें लागे, आणि असा चाकू सैन्यासाठीं प्रथम जर्मनींतील झोलिंगेन शहराहून मागवावा लागला. एल्सेनरनें १८९१ मध्यें तो स्वदेशांत पुरविण्यास आरंभ केला. पुढें १८९७ मध्यें त्यानें अधिक हलका असा अधिकाऱ्यांचा चाकू काढला. एकाच पाठीच्या कमानीवर, म्हणजे स्प्रिंगवर, दोन्ही बाजूंचीं हत्यारें तोलून धरण्याची युक्ति त्यांत होती. १९०९ मध्यें आई वारल्यावर एल्सेनरनें तिचें व्हिक्टोरिया हें नांव मालाला दिलें. १९२१ मध्यें न गंजणारें पोलाद वापरांत आलें तेव्हां त्या पोलादाचें फ्रेंच संक्षिप्त नांव ‘इनॉक्स’ तिच्या नांवाला जोडलें गेलें, आणि व्हिक्टोरिनॉक्स हा शब्द तयार झाला. एका आईचें नांव व एका धातूचें नांव यांची अशी सांगड व्यापाराच्या इतिहासांत क्वचितच पडली असेल.

या चाकूचा साधा प्रकार मिटल्यावर नऊ सेंटिमीटरांहून किंचित अधिक भरतो. त्यांत एक मोठें व एक लहान पातें, डबे फोडण्याचें पातें, बाटलीचें झांकण काढण्याचें पातें व त्याच्याच टोंकाचा पेंचकस, मागील बाजूस आरी आणि बूच काढण्याचा मळसूत्री फिरका, शिवाय मुठींत खोंवलेलीं चिमटा व दातकोरणें इतका परिवार असतो. अठरा-वीस हत्यारांचे गलेलठ्ठ प्रकारही मिळतात. ते खिशाला जड होतात आणि बहुधा दिवाणखान्यांतील पाहुण्यांना दाखविण्यापुरतेच उपयोगी पडतात.

वरवर पाहतां तुलना येथेंच संपावी. एकाकडे एक पातें आणि दुसऱ्याकडे आठ हत्यारें. दुसरा अर्थातच सरस. परंतु मालवणच्या हवेंत हत्यारांची संख्या हा मुख्य प्रश्नच नव्हे. मुख्य प्रश्न पोलादाचा आहे.

लोखंड खाणींतून निघतें तें बहुधा प्राणवायूशीं जडलेलें. भट्टींत घालून माणूस तें वेगळें करतो, आणि संधि मिळतांच तें पुन्हां प्राणवायूकडे धांव घेतें. या पुनर्मीलनालाच गंज म्हणतात. त्यासाठीं पाणी लागतें, आणि पाण्यांत मीठ असलें तर हें काम फारच जलद होतें. कारण खाऱ्या पाण्यांतून वीज सहज वाहते, आणि गंजणें ही मुळांत विजेचीच क्रिया आहे. पात्याच्या एका ठिकाणीं लोखंड विरघळत असतें व त्याच वेळीं शेजारच्या दुसऱ्या ठिकाणीं प्राणवायु खर्ची पडत असतो. जणूं पात्यावर पसरलेल्या असंख्य सूक्ष्म बॅटऱ्याच.

पाणी कोठून आलें, चाकू तर कोरडा ठेवला होता, असें मालक म्हणतो. त्याचें उत्तर स्वयंपाकघरांतील मिठाच्या बरणींत आहे. आषाढ लागला कीं खड्याचें मीठ पाझरूं लागतें, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक असतें. शुद्ध मीठ हवेची आर्द्रता सुमारें ७५ टक्क्यांवर गेली म्हणजे पाणी धरतें; पण समुद्राच्या मिठांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतें, आणि तें ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढूं लागतें. किनाऱ्यावर लाटा फुटतात, त्यांचे अत्यंत सूक्ष्म तुषार वाऱ्यावर चढतात, वाटेंत सुकतात, आणि मिठाचे अदृश्य कण होऊन दारें, खिडक्या, सायकली व चाकू या सर्वांवर बसतात. प्रत्येक कण म्हणजे एक लहानशी पाझरणारी बरणी होय. कोरड्या पुण्यांत जें पातें वर्षानुवर्षें चकचकीत राहतें, तेंच पातें बंदरापासून हांकेच्या अंतरावर एका आठवड्यांत डागाळतें, याचें कारण हेंच. कुरटे बेटावर १६६४ मध्यें सिंधुदुर्गाचें काम सुरू झालें तेव्हां पायाच्या दगडांत शिसें ओतलें, अशी हकीकत सांगतात. समुद्राशीं ज्यांना कायमचा शेजार करावयाचा होता त्यांनीं उघड्या लोखंडावर भिस्त ठेवली नाहीं, यांत नवल वाटण्याजोगें कांहीं नाहीं.

सावोयच्या मूळ चाकूचें पोलाद म्हणजे लोखंड आणि सुमारें एक टक्का कार्बन. जुन्या घाटाच्या कोयत्याचें व विळीचें पोलाद याच जातीचें. तापवून पाणी दिल्यावर तें कठीण होतें, बारीक धार घेतें, आणि बोथट झालें तर साध्या दगडावर दोन-चार मिनिटांत पुन्हां तयार होतें. त्याला गंजापासून वांचविणारें मात्र त्याच्या अंगांत कांहीं नसतें.

न गंजणाऱ्या पोलादाची कथा मोठी गंमतीची आहे. इंग्लंडांतील शेफील्ड शहरीं हॅरी ब्रिअर्ली हा धातुशास्त्रज्ञ बंदुकीच्या नळ्या आंतून कां झिजतात याचा शोध करीत होता. १९१३ मध्यें त्यानें सुमारें १३ टक्के क्रोमियम मिसळलेलें पोलाद ओतविलें. नळ्यांसाठीं त्याचा कांहीं विशेष उपयोग झाला नाहीं. पण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्यापूर्वीं नमुना ॲसिडानें कोरावा लागतो, आणि या पोलादाला ॲसिड धड लागेना. ब्रिअर्ली चाकूंच्या शहरांत जन्मलेला; त्याला जेवणाच्या सुऱ्या आठवल्या. त्या काळच्या सुऱ्या लिंबाच्या वा व्हिनेगारच्या स्पर्शानें काळवंडत व प्रत्येक जेवणानंतर घांसाव्या लागत. त्यानें कारखानदारांना नवें पोलाद दिलें. त्यांच्या जुन्या रीतीनें तें नीट तापविलें व घडविलें गेलें नाहीं, पहिल्या सुऱ्यांना धारच आली नाहीं, आणि न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा म्हणून शेफील्डांत त्याची थट्टा झाली. शेवटीं एका कारखान्याचा व्यवस्थापक अर्नेस्ट स्टुअर्ट यानें चिकाटीनें योग्य उष्णता शोधून काढली, व्हिनेगारनें परीक्षा घेतली, आणि या पोलादाला डाग न पडणारें, म्हणजे स्टेनलेस, हें नांव दिलें.

क्रोमियम करतें काय? तेंही प्राणवायूशीं संयोग पावतें, म्हणजे एका अर्थानें तेंही गंजतें. मात्र लोखंडाचा गंज पापुद्र्यासारखा सुटतो व खालचें नवें लोखंड उघडें टाकतो. क्रोमियमचा पापुद्रा चिकटून बसतो, त्यांतून हवा व पाणी शिरत नाहीं, आणि खरवडला गेला तर तो आपोआप पुन्हां धरतो. हें कवच एका मिलिमीटरच्या लक्षांशाहूनही पातळ असतें. तें टिकण्यासाठीं पोलादांत निदान साडेदहा-अकरा टक्के क्रोमियम मोकळें असावें लागतें. मोकळें हा शब्द महत्त्वाचा आहे. धारेसाठीं कार्बन वाढविला तर तो क्रोमियमला धरून ठेवतो, आणि कवचासाठीं क्रोमियम कमी पडतें. म्हणून धार व निष्कलंकता यांत कारागिराला तडजोड करावी लागते. स्विस चाकूच्या पोलादांत कार्बन सुमारें अर्धा टक्काच ठेवलेला असून क्रोमियम चौदा टक्क्यांच्या आसपास आणि थोडें मॉलिब्डेनम असतें. कारखान्यानें निष्कलंकतेच्या बाजूनें कौल दिला आहे, हें यावरून स्पष्ट होतें.

तथापि स्टेनलेस म्हणजे कधींही न गंजणारें, ही समजूत मालवणांत फार दिवस टिकत नाहीं. मिठांतील क्लोराइड हा त्या पातळ कवचाचा शत्रु. तो एखाद्या सूक्ष्म उणीव असलेल्या जागीं कवच भेदतो आणि तेथें टांचणीच्या टोंकाएवढा खड्डा पाडतो. पातें वरून लखलखीत दिसतें व आंत खड्डा खोल जात असतो. असे खड्डे बहुधा उघड्या पात्यावर पडत नाहींत. जेथें खारें पाणी अडकून राहतें व हवा पोंचत नाहीं, अशा सांध्यांत पडतात. आणि स्विस चाकू म्हणजे तर सांध्यांचीच वसाहत! त्याच्या थरांमधील पातळ पत्रे अल्युमिनियमच्या मिश्रणाचे व खिळे पितळेचे असतात. तीन निराळे धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांना टेंकून राहिले तर त्यांच्यांत विजेचा व्यवहार सुरू होतो, आणि त्यांत अल्युमिनियम झिजतें. सांध्यांत दिसणारी पांढरी भुकटी ती हीच.

येथवर पोलादाचें शास्त्र झालें. आतां किनाऱ्यावरील एक दिवस घेऊन दोन्ही चाकूंची परीक्षा करावी.

सकाळीं बागेंत कैरी चिरली. सावोयचें पातें पातळ व चपटें घांसलेलें असल्यानें तें बाठ्यापर्यंत सफाईनें उतरतें. स्विस पातें आंखूड पडतें, पण काम होतें. पांच मिनिटांनीं पाहावें तर पहिल्या पात्यावर निळसर करडे डाग उमटलेले, आणि कैरीच्या फोडीलाही लोखंडाची चव. रातांब्याचें तसेंच. केळफूल किंवा कच्चें केळें चिरलें तर पातें व भाजी दोन्ही काळीं पडतात. त्यांतील तुरट द्रव्य लोखंडाशीं मिळून खरोखरीची शाई तयार होते. हिरडा व हिराकस यांपासून शाई करीत ती याच तत्त्वावर. फणस चिरतांना विळीला आणि हातांना खोबरेल तेल लावण्याची जी चाल आहे ती चीक चिकटूं नये म्हणून. परंतु त्याच तेलानें पोलादाचेंही रक्षण होतें, हा त्या शहाणपणाचा दुसरा फायदा. सावोयच्या चाकूला याच घरगुती उपायानें सांभाळतां येतें. शिवाय फळांच्या आम्लानें आलेला करडा रंग घांसून काढण्याची घाई करूं नये. तो गंज नव्हे. तो तांबूस गंजाला थोडाफार आवर घालतो, आणि रोज वापरांतल्या जुन्या विळीचा रंग याच कारणानें चांदीसारखा नसून ढगासारखा असतो.

दुपारीं होडींत किंवा रापणीजवळ. येथें सावोयच्या चाकूचें खरें दुखणें बाहेर येतें, आणि तें पोलादाचें नसून लांकडाचें आहे. बीचचें लांकूड ओल शोषून फुगतें. चीर अरुंद होते, आणि पातें आंत घट्ट धरलें जातें. नखानें ओढून तें निघत नाहीं. सावोयच्या लोकांना हें ठाऊक आहे. मुठीचें मागचें टोंक टेबलावर ठोकून पातें बाहेर उडविण्याची त्यांची एक जुनी युक्ति आहे. परंतु तेथील हवा कोरडी, आणि येथें जून ते सप्टेंबर चार महिने ठोकीतच बसावें लागेल. शिवाय होडींत टेबल नसतें. पायांत जाळें अडकलेलें असतांना ज्याचा चाकू उघडत नाहीं, त्याला चाकूच्या सौंदर्याचें कौतुक सुचणार नाहीं. मुठीला जवसाचें तेल मुरवून व चीर किंचित रुंद करून हा दोष कमी होतो, पण जात नाहीं.

स्विस चाकू अशा वेळीं उघडतो, मात्र ओल्या व मासळीच्या तेलानें बुळबुळीत झालेल्या बोटांना त्याची नखखांच सांपडणें कठीण जातें. त्याचा बूच काढण्याचा फिरका, जो शहरांत बहुतेकांना निरुपयोगी वाटतो, तो येथें उपयोगी पडतो: भिजून घट्ट बसलेल्या गांठींत मळसूत्र शिरवून ती सैल करतां येते, दोर तोडावा लागत नाहीं. चिमट्यानें कांटा निघतो. आरीनें चामड्याला किंवा ताडपत्रीला भोंक पडतें. दातकोरणें तेवढें पहिल्याच वर्षीं हरवतें. पुळणीची वाळू मात्र दोन्ही चाकूंच्या सांध्यांत सारखीच शिरते, आणि पातें उघड-मीट करतांना करकर वाजूं लागलें कीं समजावें, स्वच्छ पाण्याची वेळ झाली.

संध्याकाळीं मासळी. बांगडा साफ करण्यास साडेआठ सेंटिमीटरचें पातें पुरतें; सुरमई हें कोणत्याच खिशांतल्या चाकूचें काम नव्हे, तें विळीवरच करावें. येथें सुरक्षिततेचा प्रश्न येतो. साध्या स्विस चाकूचें पातें कमानीच्या जोरावर उघडें राहतें, तें कुलुपबंद नसतें. टोंक कशांत खुपसून हात पुढें रेटला, तर तें बोटांवर मिटूं शकतें. आणि माशाचें डोकें कापतांना नेमका असाच दाब पडतो. सावोयचें फिरतें कडें या ठिकाणीं निर्विवादपणें श्रेष्ठ आहे. खडकावरचीं कालवें उघडण्यास मात्र दोहोंपैकीं एकही वापरूं नये. टोंक मोडतें, आणि तें कोठें उडेल याचा नेम नसतो.

धार लावण्याच्या बाबतींत फारसें सांगण्याजोगें नाहीं. कार्बनचें पोलाद लौकर धरतें. स्विस पोलाद मऊसर असल्यानें लौकर बोथट होतें, पण बारीक दगडावर थोड्या मेहनतीनें परत येतें. दोहोंनाही रस्त्यावरच्या धारवाल्याच्या चाकाखालीं देऊं नये. ठिणग्या उडतात त्यांबरोबर पात्याचें पाणीही उतरतें.

चाकू खिशांत बाळगणें कायदेशीर आहे कीं नाहीं, अशी शंका अनेकांच्या मनांत असते. चित्रपटांतील खलनायकाच्या हातांतल्या रामपुरीनें चाकू या शब्दालाच बदनाम केलें आहे. वास्तविक उत्तर प्रदेशांतील रामपूर हें चाकूच्या कारागिरीसाठीं नांवाजलेलें गांव. भारताच्या १९५९ च्या शस्त्र-अधिनियमाखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचीं हत्यारें शस्त्र म्हणून गणलीं आहेत, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामांसाठीं घडविलेलीं त्यांतून वगळलीं आहेत. येथील दोन्ही चाकू त्या मर्यादेच्या कितीतरी आंत बसतात. परंतु पोलिसांचा मनाई-हुकूम जारी असेल त्या काळांत इजा करण्यास उपयोगी पडणारी वस्तु जवळ बाळगण्यास बंदी असते, आणि तेव्हां आंबा चिरण्याचें निमित्त पुरें पडेलच असें नाहीं. विमानांत चाकू हातांतल्या पिशवींत चालत नाहीं. तो सामानांत आधींच द्यावा. इंग्लंडांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: तेथें विशेष कारणावांचून जवळ बाळगण्यास जी सूट आहे ती तीन इंचांपर्यंतच्या व कुलूप नसलेल्या मिटत्या चाकूलाच आहे. म्हणजे सावोयचें जें कडें मालवणांत बोट वांचवितें, तेंच लंडनच्या रस्त्यावर अडचणींत आणतें.

मग घ्यावा कोणता? ज्याचें घर बारमाही किनाऱ्यावर आहे, ज्याच्या हाताखालून चाकू रोज जातो, आणि ज्याच्या घरीं विळी पुसून तेलाचा हात फिरविण्याची संवय अजून मोडलेली नाहीं, त्यानें सावोयचा कार्बनचा चाकू खुशाल घ्यावा. मात्र तो बागेंत व ओटीवर वापरावा, होडींत नेऊं नये. वर्षांतून पंधरा दिवस गांवीं येणाऱ्या शहरी कुटुंबाला तो पेलणार नाहीं. उरलेले साडेअकरा महिने त्याच्याकडे कोणी पाहणार नाहीं, आणि खारा कण पाहणाऱ्याची वाट पाहत नाहीं. अशांनीं साधा, आठ-दहा हत्यारांचा स्विस चाकूच घ्यावा, आणि मासळीसाठीं त्याचा उपयोग करूं नये. सावोयचे कारखानदार तोच कड्याचा चाकू स्टेनलेस पात्यासहही विकतात. पोलादाचा प्रश्न त्यानें सुटतो, कुलूपही मिळतें, परंतु फुगणारें लांकूड तेंच राहतें. अनेकांना हा मध्यम मार्ग पसंत पडेल. पावसाळ्यांत किनाऱ्यावर राहणाऱ्यांनीं तो घेण्यापूर्वीं मुठीचा विचार करावा.

कोणताही घेतला तरी गांव सोडण्याच्या आदल्या रात्रीं दोन गोष्टी केल्या पाहिजेत. चाकू पूर्ण उघडून गोड्या कोमट पाण्यांत, पातीं व सांधे हलवीत, धुवावा; लांकडी मुठीचा असेल तर भिजत मात्र ठेवूं नये. मग कापडानें पुसून, उघडा ठेवून, सावलींत सुकवावा. पात्यावर खोबरेल तेलाचा हात पुरतो, कारण तें पुन्हां अन्नाला लागणार असतें. सांध्यांत मात्र शिवणयंत्राचें पातळ तेल एक-दोन थेंब सोडावें. तेथेंही खोबरेल घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. तें सुमारें २४ अंशांखालीं थिजतें. मालवणांत त्याचा त्रास क्वचितच जाणवतो, पण पुण्याच्या डिसेंबरांत चाकू उघडेनासा होतो, आणि बिचाऱ्या पोलादावर गंजाचा आळ येतो.